दुखण्याची वही

सणासुदीच्या अंकात दुखण्याच्या पुस्तकावर लिहावे किंवा कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु दिवाळीत सारे घर एकत्र येते, आणि चार माणसे जिथे जमतात तिथे एखादे जुने दुखणेही पाटावर येऊन बसलेले असते. कुणाचे गुडघे, कुणाची पाठ, तर कुणाचे असे काही, की ज्याचे नाव घरात कोणालाच नीट उच्चारता येत नाही. त्या माणसाने आपल्या दुखण्याविषयी किती आणि काय सांगावे, बाकीच्यांनी ते कसे ऐकावे, हा प्रश्न जसा घराचा आहे तसाच तो साहित्याचाही आहे. एका मोठ्या फ्रेंच कादंबरीकाराला हा प्रश्न स्वतःच्या देहावर सोडवावा लागला. त्याच्या त्या छोट्या पुस्तकाविषयी मला लिहायचे आहे.

पुस्तकाचे नाव 'ला दुलू', आणि लेखक आल्फाँस दोदे. हा लेखक आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. केंद्रीय बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकातून त्याची 'शेवटचा तास' ही गोष्ट अनेक वर्षे शिकवली गेली आहे. १८७०-७१ च्या युद्धानंतर फ्रान्सचा आल्सास प्रांत जर्मनीकडे जातो, शाळांतून फ्रेंच बंद करण्याचा हुकूम येतो, आणि हामेल मास्तर आपल्या मुलांना त्यांच्या भाषेचा अखेरचा पाठ देतात. १८७३ साली पुस्तकरूपाने आलेली ही गोष्ट मी माझ्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना अनेकदा मराठीतून सांगितली आहे. ती ऐकताना वर्गातली खोडकर मुलेही गप्प होतात. भाषा हातातून निसटू लागली म्हणजे माणसाला ती किती आपली होती हे उमगते, एवढेच ती गोष्ट सांगते. पण किती हळुवारपणे!

त्याच दोदेने पुढे १८८७ ते १८९५ च्या सुमारास एक वही लिहिली. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, १९३० साली. १९३४ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि २००२ साली ज्यूलियन बार्न्स या इंग्रज कादंबरीकाराने तिचे नव्याने भाषांतर केले. मला फ्रेंच येत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. बार्न्सचे इंग्रजी मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. छापल्यावर साठेक पाने होतील एवढाच तो मजकूर. परंतु त्या साठ पानांना मला सहा महिने लागले, आणि त्याचे कारण केवळ इंग्रजी हे नव्हते.

२

दोदेचा जन्म १८४० चा, दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावचा. सतरा वर्षांचा असताना तो पॅरिसला आला आणि लवकरच नावारूपाला चढला. 'माझ्या पवनचक्कीतून धाडलेली पत्रे' या त्याच्या पुस्तकात दक्षिणेकडचे ऊन आहे, मेंढ्या आहेत, गप्पिष्ट माणसे आहेत. तारास्काँचा तार्तारँ हा त्याचा फुशारकीबाज शिकारी तर फ्रान्समध्ये घराघरांत पोचला. लोक त्याला हसवणारा, रडवणारा, मायाळू लेखक म्हणून ओळखत. या मायाळू लेखकाला तरुणपणीच उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, बाधा झाली होती. त्या काळी या रोगावर खरे औषध नव्हते. तो वरवर बरा झाल्यासारखा दिसे, वीस-पंचवीस वर्षे दडी मारून बसे, आणि मग काहीजणांच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरे. मागच्या बाजूचे मज्जातंतू, जे पायांची आणि अंगाची जाणीव मेंदूकडे नेतात, ते झिजू लागत. वैद्यकात या अवस्थेला 'टेबीझ डॉर्सालिस' असे नाव आहे. पेनिसिलिन आल्यानंतर, म्हणजे १९४० नंतरच्या काळात, ही अवस्था दुर्मिळ झाली. दोदेच्या काळी मात्र इस्पितळे या रोग्यांनी भरलेली असत.

या रोगाची दोन मुख्य लक्षणे. एक, पाय कुठे पडतो आहे हे पायाला न कळणे; डोळे मिटले की तोल जाणे. दुसरे लक्षण म्हणजे विजेसारख्या कळा. हा शब्द माझा नव्हे, वैद्यकाचाच आहे. कुठेही जखम नाही, सूज नाही, लाली नाही. आणि पायातून, बोटातून, बरगड्यांतून एकाएकी वीज जाते.

असे का होते हे सामान्य वाचकाला समजावून देणे कठीण नाही. दाराबाहेरचे बटण कोणी दाबले म्हणजे आत घंटा वाजते. पण मधली तारच उघडी पडून दुसऱ्या तारेला चिकटली, तर दारात कोणी नसताना घंटा वाजू लागते. नसांच्या दुखण्यात हेच घडते. बोट ठणठणीत असते. बिघाड तारेत असतो. म्हणूनच ही दुखणी बाहेरून दिसत नाहीत, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना फारशी दाद देत नाहीत, आणि म्हणूनच भोवतालच्या माणसांना ती खरी वाटायला वेळ लागतो.

१८८५ च्या सुमारास पॅरिसचे प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी दोदेला हा रोग बरा होणारा नाही हे स्पष्ट सांगितले. त्यानंतर बारा वर्षे तो जगला. या बारा वर्षांत त्याने केले नाही असे काय होते? मॉर्फिनच्या सुया, क्लोरल, ब्रोमाइड झाले. दक्षिणेकडच्या लामालू गावच्या गरम झऱ्यांची स्नाने झाली. प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क टोचून घेऊन झाला. एक उपचार तर अंगावर काटा आणणारा होता: रोग्याला पट्ट्यांनी हवेत टांगायचे, म्हणजे पाठीचा कणा ताणला जाईल अशी समजूत. दोदे असा चार-चार मिनिटे लोंबकळला, आणि त्यातली काही मिनिटे सारा भार जबड्यावर. उपचार पुढे टाकून देण्यात आला. वहीत याचे वर्णन मोजक्या ओळींत आहे. त्यात कण्हणे नाही. खोलीत कोण होते, उजेड कसा होता, खाली उतरल्यावर काय वाटले, एवढेच टिपलेले आहे.

३

आता या पुस्तकाच्या घडणीकडे वळू. दोदेला दुखण्यावर एक मोठे पुस्तक लिहायचे होते. त्याची टिपणे तो काढत राहिला. पुस्तक झाले नाही, टिपणे राहिली. एक ओळ, तीन ओळी, फार तर अर्धे पान. मध्येच एखादे स्वप्न, मध्येच लामालूच्या खाणावळीतले एखादे पात्र, मध्येच रात्रीचा एक प्रहर. साखळी नाही, चढण नाही, शेवट नाही.

रसिकाने अशा पुस्तकाला काय म्हणावे? कच्चा माल म्हणावा, की कलाकृती? मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझ्या पेशाची सवय अशी, की माणसाला आजारी पाडायचे तर त्यातून काही निघाले पाहिजे. नायिकेचा क्षय नायकाला शहाणा करतो. म्हाताऱ्याचा अर्धांग भांडलेल्या भावांना एकत्र आणतो. आजारीपण हे आपल्या कथा-कादंबऱ्यांत बहुधा एका मुक्कामाला जाणारी गाडी असते. वाचकाला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

नसांचे दुखणे मात्र कोठेच जात नाही. ते काल होते तसेच आज असते, आणि मध्येच आठ दिवस नसते. मग पुन्हा विनाकारण येते. त्यात पहिला अंक, दुसरा अंक असे काही नाही. दोदेसारखा सराईत कथाकार, ज्याला प्रसंग रचणे हा डाव्या हातचा खेळ होता, त्याने या मजकुराची कादंबरी केली असती तर त्याला कुठेतरी खोटे बोलावे लागले असते. एक कळस शोधावा लागला असता. मला वाटते, ही वही अपुरी राहिली म्हणूनच खरी राहिली. विजा जशा येतात तशी टिपणे येतात: लख्ख, तुटक, आणि मध्ये अंधार. हा आकार दोदेने योजून निवडला असे मी म्हणत नाही. दुखण्याने तो त्याच्यावर लादला. परंतु लादलेला आकार त्याने मोडला नाही, गोड केला नाही, हे कलावंताचे श्रेय आहेच.

या टिपणांची आणखी एक खूण म्हणजे त्यातला विनोद. तो आपल्या देहाची तुलना रस्त्यावरच्या त्या वादकाशी करतो, जो एकटाच हाताने, पायाने, कोपराने पाच वाद्ये वाजवतो; दुखण्याच्या या वाद्यवृंदातला एकमेव वादक आपण आहोत असे तो म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी पायाची बोटे उंदीर कुरतडत आहेत, तर तिसऱ्या ठिकाणी छातीभोवती लोखंडी चिलखत आवळले आहे. हसू आणि शहारा एकाच वेळी यावा अशी ही चित्रे आहेत. ती वाचून आपल्याला लेखकाची कीव येत नाही. आपण त्याच्या शेजारी उभे राहून त्याच्याबरोबर पाहू लागतो. स्वतःच्या दुखण्याकडे पाहण्याची ही तऱ्हा, म्हणजे त्याचे निरीक्षण करणे, हीच मला या पुस्तकाची सर्वांत मोठी देणगी वाटते. निरीक्षण करणारा माणूस तेवढा वेळ तरी नुसता सोसणारा राहत नाही.

४

परंतु एका मुद्द्यावर माझा दोदेशी वाद आहे, आणि तो शब्दांविषयी आहे.

दोदेचे म्हणणे असे, की खऱ्या वेदनेपुढे शब्द काही कामाचे नाहीत. वेदना चालू असते तेव्हा ते सुचत नाहीत. सुचतात ते सारे संपल्यावर, आणि तेव्हा ते आठवणीविषयी बोलतात, म्हणून दुबळे किंवा खोटे असतात. पुढे १९२६ साली व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनेही आजारपणावरच्या आपल्या निबंधात अशीच तक्रार केली: प्रेमात पडलेल्या मुलीच्या मदतीला मोठमोठे कवी धावून येतात, पण डोके दुखणाऱ्याने डॉक्टरला ते सांगायचे म्हटले, की भाषा आटून जाते. विचार करणाऱ्या माणसांना हे मत फार पटते. मला ते अर्धेच पटते, आणि त्याचे कारण मी माझ्या गालावर वागवतो.

गेली चार वर्षे मला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाचे दुखणे आहे. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी एक मोठी नस असते. तिच्या तीन फांद्या कपाळाला, गालाला आणि जबड्याला जातात. मेंदूतून ती निघते तिथे बहुधा एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून ठोके देत राहते, नसेवरचे वेष्टण झिजते, आणि घंटा आपोआप वाजू लागते. दात घासताना, दाढी करताना, थंड वाऱ्याची झुळूक लागली तरी, आणि घास चावताना तर हमखास, गालातून वीज जाते. ती काही सेकंदच टिकते. पण त्या सेकंदांत माणूस जिथे असेल तिथे थिजतो. दिवाळीची खुसखुशीत चकली माझ्या दृष्टीने मोठे संकट आहे. आमची मंडळी ती माझ्यासाठी दह्यात भिजवून ठेवते, आणि खरे सांगायचे तर तीही वाईट लागत नाही.

आरंभी मी एका दंतवैद्याकडे गेलो. त्यांना मी सांगितले, "डॉक्टरसाहेब, दुखत असं नाही. सणक जाते. विजेच्या बटणाला ओला हात लागावा ना, तशी." त्यांनी विचारले, "बरं, पण कोणता दात?" दोन दाढा गेल्या, सणक होती तिथेच राहिली. पुढे वर्षभराने शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "मास्तर, दुखतं म्हणजे कसं दुखतं, ते तुमच्या शब्दांत सांगा." मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. ते ऐकल्यावर त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, आणि रोगाचे नाव सांगितले. मेंदूचा फोटो त्यांनी नंतर काढवून घेतला, पण निदान झाले ते वाक्याने. दोन्ही ठिकाणी शब्द तेच होते. एका ठिकाणी ते ऐकले गेले.

म्हणून मी म्हणतो, की शब्द दुबळे आहेत ही तक्रार करण्याआधी कान किती मजबूत आहेत हे पाहिले पाहिजे. आणि मराठी माणसाने तर ही तक्रार करूच नये. आमच्या आयाबायांनी दुखण्याचा केवढा मोठा कोश करून ठेवला आहे! गळवाला ठणका लागतो, आणि ते पिकले की ठसठसते. पोटात कळ येते. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते. खरचटले की चुरचुरते, त्यावर तिखट लागले की झोंबते. पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, ओझे धरून हाताला रग लागते, आणि ताप यायच्या आधी अंग कसकसते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहा. लहान मूलही हसेल. गळवाला कोणी मुंग्या आणत नाही, आणि पोटरीला कोणी चुरचुर लावत नाही. शाळेत 'पोट दुखतं' म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, "कळ येते, की जळजळतं?" आणि सात वर्षांचे पोर क्षणभर विचार करून अचूक उत्तर देते.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगले, पण उशिरा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. रोगी कोणते शब्द निवडतो त्यावरून दुखण्याची जात ओळखायला मदत होते. भाजल्यासारखे, विजेच्या झटक्यासारखे, सुया टोचल्यासारखे, असे शब्द जो निवडतो त्याचे दुखणे नसेचे असण्याचा संभव अधिक. म्हणजे रोग्यांच्या तोंडच्या ज्या उपमा डॉक्टरांनी एके काळी कविकल्पना म्हणून सोडून दिल्या असतील, त्या आज तपासणीचा भाग आहेत.

आता दोदेकडे परत या. कुरतडणारे उंदीर, आवळणारे चिलखत, पायातून जाणाऱ्या विजा. शब्द कुचकामी आहेत असे सांगणाऱ्या या माणसाने इतके नेमके शब्द लिहून ठेवले आहेत, की आजच्या एखाद्या जाणत्या डॉक्टरला ती वही, लेखकाचे नाव झाकून, वाचायला दिली तर तो पहिल्या काही पानांतच योग्य त्या रोगाचा संशय घेईल. दोदेचा सिद्धान्त त्याच्याच वहीने खोडून काढला आहे. लेखकाचे मत आणि लेखकाचे लेखन यांत फरक पडला, तर टीकाकाराने लेखनाच्या बाजूने कौल द्यावा, असे मला वाटते.

त्याने वहीला दिलेले नाव पाहा. पॅरिसच्या शिष्ट फ्रेंचमध्ये वेदनेला 'दुलर' म्हणतात. दोदेने तो शब्द घेतला नाही. त्याने आपल्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्साल बोलीतला 'दुलू' घेतला. आपण 'वेदना' न म्हणता 'दुखणं' म्हणावे तसा. 'शेवटचा तास' लिहिणाऱ्या लेखकाने स्वतःच्या दुखण्याचे नाव बालपणीच्या बोलीत ठेवावे, याचे मला नवल वाटत नाही. झटका येतो तेव्हा माझ्याही तोंडून निघतो तो 'आई गं' हाच उच्चार. पुस्तकी मराठी तेव्हा जवळपासही नसते.

५

या वहीतला एक भाग घरोघर वाचला जावा असा आहे. लामालूच्या खाणावळीत दोदेला त्याच्यासारखेच रोगी भेटतात. लंगडत, काठी टेकत, कोणी आधाराने जेवणघरात येतात, आणि एकमेकांना आपापली लक्षणे विचारतात. वर्षावर्षाने तीच माणसे परत येतात. कोण पुढे सरकले, कोण मागे पडले, कोण यंदा आलेच नाही, याचा हिशेब चालतो. वरवर हे दृश्य उदास आहे. परंतु दोदेला तेथे एक प्रकारचा दिलासा मिळतो, कारण तेथे कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात समजतो. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही आपली म्हण तेथे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली दिसते. दुर्मिळ दुखणे असलेल्या माणसाला पहिला त्रास रोगाचा, आणि दुसरा एकटेपणाचा. आपल्यासारखा आणखी एक तरी भेटला, की दुसरा त्रास निम्मा होतो.

आणि मग ते कठोर निरीक्षण: दुखणे भोगणाऱ्याला ते दर वेळी नवे असते, पण भोवतालच्यांना ते लवकरच जुने होते, सगळ्यांना त्याची सवय होते, एकट्या रोग्याला सोडून. दोदे हे रागाने लिहीत नाही. घरच्यांना दोषही देत नाही. जगाची रीत म्हणून टिपून ठेवतो. मी ते वाचले त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले, आणि पुढचे पान चार दिवसांनी उघडले.

यावर दोदेने काढलेला तोडगा मात्र मला पुरता मान्य नाही. त्याने ठरवले, की घरात दुखणे दाखवायचे नाही. दुखणे म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. त्याला नेमाने लागेल तेवढेच द्यावे, घराचा मालक करू नये. तरुण लेखक, दुःखी-कष्टी माणसे त्याच्या खोलीत येत, आणि तो त्यांच्याशी हसून बोले, त्यांची कामे करी. आपण सुखाचे व्यापारी व्हावे, अशी त्याची इच्छा असल्याचे त्याचा मुलगा लेआँ याने वडिलांवरच्या पुस्तकात सांगितले आहे. या जिद्दीपुढे कोणीही मान लववील. बारा वर्षे असे हसणे सोपे नव्हे.

पण वाचक म्हणून मला त्या वहीत एक रिकामी जागा दिसते, आणि ती आहे झ्यूलीची. दोदेची ही पत्नी स्वतः लेखिका होती, पतीच्या लेखनात तिची साथ होती. तीन मुलांपैकी धाकटी एदमे जन्मली १८८६ मध्ये, म्हणजे शार्कोंच्या निकालानंतर. या बाईने तेवढी वर्षे काय पाहिले, रात्री दाराआडून काय ऐकले, कशाची सवय तिला झाली आणि कशाची झाली नाही, हे ही वही आपल्याला जवळजवळ सांगत नाही. दोदेचा जिवलग मित्र एदमाँ द गाँकूर याच्या रोजनिशीत त्या घरातल्या दुखण्याच्या कितीतरी नोंदी आहेत. म्हणजे घराबाहेरच्या माणसाला दिसत होते ते घरातल्यांना दिसत नसेल काय? लपवलेले दुखणे घरात सगळ्यांना ठाऊक असते. फक्त त्याविषयी कोणी बोलत नाही, आणि मग प्रत्येकजण आपापल्या खोलीत ते एकटा सोसतो.

माझा व्यवसाय बोलण्याचा. बोलण्याने जबडा हलतो, आणि जबडा हलला की सणक येऊ शकते. दुखणे लपवून मला शिकवताच आले नसते. म्हणून मुलांना सांगून टाकले: "मी बोलता बोलता हात वर केला, की समजा माझ्या गालात वीज चमकली. दहा आकडे मोजायचे. मग पुढे." मुले मनातल्या मनात दहा मोजतात. पाठ पुढे चालू होतो. कोणी रडत नाही, कोणी हसत नाही. गोळ्यांनी आता झटके पुष्कळ कमी झाले आहेत. मात्र त्यांची गुंगी येते, आणि फळ्यावर लिहिता लिहिता एखादा शब्द आठवत नाही. तेव्हा पहिल्या बाकावरून तो शब्द येतो. घरातही तसेच ठरले आहे. "कसं वाटतंय?" असे दिवसातून दहा वेळा कोणी विचारायचे नाही, संध्याकाळी एकदा विचारायचे, आणि मी एकदा खरे सांगायचे. दोदेच्या पाहुण्याच्या उपमेला मी एवढीच पुस्ती जोडीन, की नको असलेल्या पाहुण्याचेही नाव घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे, आणि तो कोणत्या वेळी येतो हेही.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले असावे असे वाटते. 'कळ' म्हणजे वेदना. ती सोसून थांबणे म्हणजे 'कळ काढणे'. दुसऱ्यासाठी जीव तुटणे म्हणजे 'कळवळा', आणि आच लावून काम करणे म्हणजे 'कळकळ'. समजण्याला आपण 'कळणे' म्हणतो. कानाला तरी हे सारे शब्द एका घरचे वाटतात. ज्याला कळ येते तो आणि ज्याला ती कळते तो, या दोघांना मराठीने इतके जवळ बसवले आहे, की मध्ये बोलण्यापुरतीच जागा उरते. दोदेच्या वहीत ही जवळीक लामालूच्या अनोळखी रोग्यांत आहे. स्वतःच्या घराविषयी ती वही मुकी आहे. तिची थोरवी मान्य करूनही ही उणीव मी नोंदवून ठेवतो.

१६ डिसेंबर १८९७ रोजी दोदे घरच्या माणसांबरोबर जेवायला बसला होता. गप्पा चालू असताना तो कोसळला आणि थोड्या वेळात गेला. वय सत्तावन्न. त्याच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी कितीतरी आज फ्रान्समध्येही थोडेच लोक वाचत असतील. पवनचक्कीतली पत्रे आणि हामेल मास्तरांचा तास मात्र टिकून आहेत. मला वाटते, त्यांच्या शेजारी या वहीला जागा दिली पाहिजे. खालच्या फळीवर, अपुऱ्या लेखनात नव्हे. आपल्याकडे कोणी तिचे सरळ फ्रेंचमधून मराठीत भाषांतर करील तर फार उपकार होतील. त्या भाषांतरकाराला एकच विनंती: जागोजागी 'वेदना' हा एकच शब्द वापरू नका. ठणका आहे तिथे ठणका लिहा, सणक आहे तिथे सणक लिहा. ज्याला खरोखरच सणक येते असा एखादा वाचक त्या पानावर थांबेल, आणि पुस्तक घरातल्या कोणाच्या तरी हातात देऊन म्हणेल, "हे बघ, हे असं होतं मला."